नुसती बसले

प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच ती उभी राहायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि म्हणायची, "मला न्हाई येत, मॅडम." मग लगेच खाली बसायची. एकदा मी नुसती हजेरी घेत होते, तरी ती उभी राहून तेच म्हणाली. वर्ग हसला. तीही हसली.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. वर्गात असतात, पण आपण उगाच जागा अडवून बसलोय असं त्यांना वाटत असतं. देवळाली प्रवराजवळच्या आमच्या शाळेत ती नववीत आली, तेव्हा मी मराठी शिकवत होते. वडील नव्हते. आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. आधीच्या शाळेत एका गुरुजींनी तिला वर्गासमोर सांगितलं होतं, की तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. आपल्या गावाचं नाव सांगावं इतक्या सहज तिनं हे मला सांगितलं. पुढे काय व्हायचंय, असं मी एकदा सगळ्यांना विचारलं. कुणी पोलीस म्हणालं, कुणी नर्स. ही म्हणाली, "मी काय हुनार? आई जाते तिकडंच जाईन."

त्या हिवाळ्यात ऊसतोडीला आलेल्या एका कुटुंबातली मुलगी पाचवीत दाखल झाली. ती रोज फाटकापर्यंत यायची आणि तिथंच रडत उभी राहायची. शिपाईमामांनी गोळ्या देऊन पाहिल्या, मुख्याध्यापकांनी गोष्ट सांगितली, मी हात धरून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

एके दिवशी मधल्या सुट्टीत बघते, तर आमची ही बया फाटकापाशी जमिनीवर बसून भाकरी खात होती. छोटीकडे बघतसुद्धा नव्हती. थोड्या वेळानं छोटी खाली बसली. अर्धी भाकरी तिच्या हातात गेली. दुसऱ्या दिवशी दोघी व्हरांड्यात बसल्या. मग हळूहळू छोटी वर्गात जायला लागली.

काय केलंस, असं मी विचारलं.

"काय न्हाई. मला समदे आत बोलवायचे ना, तवा लई भ्या वाटायचं. म्हनून मी तिला बोलवलंच न्हाई. नुसती बसले."

मुख्याध्यापकांनी परिपाठाला हे सगळ्या शाळेपुढे सांगितलं. सर कुणाबद्दल बोलताहेत, ते ती मागे वळून बघत होती.

त्यानंतर ती एकदम हुशार झाली, असं नाही. पण उत्तरं द्यायला लागली. चुकलं की "मग परत सांगते" म्हणायची, आणि पुष्कळदा परत चुकायची. छोटीला वाचायला शिकवायचं म्हणून आधी स्वतः नीट वाचायची.

दहावीनंतर तिला कामावर न्यायचं आईनं ठरवलं होतं. निकालाच्या दिवशी आई शाळेत आली, तेव्हा तिची समजूत घालायची मी मनाशी तयारी केली होती. ती वेळच आली नाही.

"आई, मला ल्हान पोरांना शिकवायचंय," लेक म्हणाली. "मला जमतं ते."

आई माझ्याकडे वळली. पोरीनं आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, असं मला म्हणाली. मग मान डोलावली.

नगरच्या वसतिगृहात जायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेले. खिडकीतून तिला दोन शब्द सांगावेत, असं मनात होतं. पण शेजारच्या सीटवर एक कॉलेजची मुलगी होती आणि हिच्या गप्पा कधीच सुरू झाल्या होत्या. गाडी हलली. आईनं हात वर केला, तो तसाच राहिला.

"बघा की," ती हसून म्हणाली, "आपल्याकडं बघत बी न्हाई."