जिथं कमळ, तिथं वळायचं

आम्हा पळणाऱ्या बायकांची एक पद्धत आहे. कुणी ठरवलेली नाही, आपोआप पडलेली. पळून झालं की चहाच्या गाड्यावर थांबायचं आणि कोण कधी कुठं चुकली ते सांगायचं. किती पळालो, किती वेळात पळालो, ह्यात कुणाला गोडी नाही. चुकल्याची गोष्ट मात्र दहाव्यांदा ऐकली तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची.

आमच्यात बँकेतून रिटायर झालेली एक आहे, तिची गोष्ट सगळ्यात गाजलेली. परगावच्या कुठल्या शर्यतीला गेली होती. तिथं सगळ्यांना पिवळे टी-शर्ट दिलेले.

"पुढं एक पिवळा शर्ट पळत होता," ती सांगते. "मी त्याच्या मागं. तो डावीकडं, मी डावीकडं. तो बोळातनं, मी बोळातनं. माणूस काय पळत होता म्हणून सांगू! आणि पळत पळत जाऊन एसटीत चढला की!"

"मग गं?"

"मग काय, मी पण पायरीवर पाय ठेवला होता. कंडक्टर म्हणाला, कुठं जायचं मावशी? तेव्हा कळलं, ह्याची शर्यत निराळी हाय."

दुसरी आमची मास्तरीणबाई. आमच्या दौडी साध्या नसतात, प्रत्येक दौडीला काहीतरी सोंग लागतं. हुरड्याच्या दिवसांत हुरडा दौड असते, शेतावर जाऊन संपते. त्या दौडीला मास्तरीणबाईनं डोक्याला ज्वारीची कणसं बांधली होती. वाटेत शेरडांचा कळप लागला. शेरडं मागं, ही पुढं. "पोरांना तीस वर्षं शिकवलं, पण माझ्यामागं एवढ्या आवडीनं कुणी आलं नाही," असं ती म्हणते. पोचली ती भलत्याच वस्तीवर.

मी सगळ्यात थोरली. मला काकू म्हणतात. सातवीत शाळा सुटली, पुढचं काय ते मिळेल ते वाचून. साठी उलटल्यावर मालक गेले, डॉक्टर म्हणाले रोज चाला. चालता चालता एक दिवस ह्या बायका शेजारून पळत गेल्या आणि मला काय झालं कोण जाणे, पदर खोचला आणि मीही पळायला लागले. तेव्हापासून सकाळचे ते दोन तास माझे. बाकीचा दिवस घराचा. कुकरचा, नातवाचा, पाहुण्यांचा. पण ते दोन तास माझे.

हसायला मी सगळ्यांच्या पुढं असायची. पण माझी चुकल्याची गोष्ट घडली तेव्हा ती मला सांगता येईना. का, ते सांगते.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो. अक्कलकोटला दिलेली. उतारवयात तिला विसर पडायला लागला. आधी मीठ दोनदा, मग नावं, मग रस्ते. एकदा घरातून निघाली ती मिळेचना. माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. मोटरसायकल घेऊन तोच हिंडला आणि स्टँडवर त्यालाच ती सापडली, अनवाणी. त्याला बघून म्हणाली, "बाळ, तू कुणाचा रे?" पुढं तिला ग्रीलच्या आत ठेवायला लागलं, बाहेरून कुलूप. मी भेटायला जायची तेव्हा ती दोन्ही हातांनी गज धरून उभी असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला कन्नडमध्ये विचारायची, आमचं घर कुठं आहे हो? स्वतःच्याच घरात उभी राहून.

हे माझ्या मुलानं बघितलंय. त्यामुळं मी एकदा गॅस बंद करायला विसरले तेव्हा तो ओरडला नाही, गप्प झाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाईलमध्ये त्यानं काहीतरी बसवलं. मी कुठं आहे ते त्याला आणि सुनेला निळ्या ठिपक्यानं दिसायचं. "आई, पळायला जा, पण हे बंद करायचं नाही," म्हणाला. मी म्हटलं, बरं बाबा. गळ्यात घंटा बांधलेल्या म्हशीला रानात तरी सोडतात.

यंदा भोगीच्या सकाळी आम्ही काळ्या साडीची दौड ठेवली. संक्रांतीचा आदला दिवस, सगळ्यांनी काळी साडी नेसायची, सोलापूरबाहेर कुंभारीच्या रस्त्यानं पळायचं आणि पुढं एकीच्या शेतावर बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खायची. आता रस्त्याला खुणा कशा करायच्या? मागच्या वेळी चुन्याच्या फक्कीचे बाण काढले होते, ते ट्रॅक्टरखाली पुसले. मास्तरीणबाई म्हणाली, "बाण कशाला? आपण काय लढाईला चाललोय? रांगोळीचं कमळ काढू. जिथं कमळ, तिथं वळायचं." सगळ्या खूश. मीच टाळी दिली. भोगीची दौड ठरवणाऱ्या आम्ही एवढ्या जणी, पण भोगीला दारोदारी रांगोळी असते हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मी नेहमी शेवटी. काळी साडी पायांत येत होती, त्यात थंडी. बाकीच्या पुढं गेल्या, त्यांच्या बोलण्याचा आवाजही ऐकू येईना. कुंभारीच्या बाजूला विडी कामगारांची मोठी वसाहत आहे. सारखी घरं, सारखी दारं, सारख्या गल्ल्या. पहिल्याच गल्लीच्या तोंडाशी ठसठशीत कमळ दिसलं. वळले. थोडं पुढं दुसरं कमळ. वळले. मनात म्हटलं, मास्तरीणबाईनं काय कष्ट घेतलेत! चौथ्या-पाचव्या कमळात हळदीकुंकू घातलेलं दिसलं, पुढच्यात "सुस्वागतम्" लिहिलेलं, तेव्हा थांबले. गल्लीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक उंबऱ्यापुढं कमळ.

मागं फिरले. पण मागं म्हणजे कुठं? आले ती गल्ली आणि ही गल्ली ह्यात काही फरक नाही. एका दारात एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. तिला विचारलं, "मेन रोड कुठंय गं?" तिनं हात केला. गेले, तर तो वसाहतीतला मेन रोड, तो परत गल्ल्यांतच शिरतो. फिरून आले तर तीच बाई.

"काय अम्मा, परत?"

पुन्हा गेले, पुन्हा तिच्याच दारात. आता ती हसायलाच लागली. "अम्मा, तुमचं शर्यत आमच्या दारातच हाय का? सांगायचं तर, टाळ्या वाजवायला माणसं बोलावलो असतो की!"

मी पण हसले. पण हसता हसता नजर पलीकडं गेली. समोर निळं दार होतं. हे दार मी आधी बघितलंय का? का ते दुसरं होतं? आठवेना. एवढ्या थंडीत पाठीला घाम फुटला. डोळ्यांपुढं अक्का आली, गज धरलेली.

कमरेच्या पाऊचमध्ये मोबाईल होता. बँकवालीला लावला, तिचा सामानाच्या टेम्पोत पिशवीत पडलेला. दुसरा फोन कुणाला करायचा? मुलाला केला की त्यानं यायचं, आणि तो आला की माझे दोन तास संपले. म्हणून केला नाही. तेवढ्यात त्याचाच आला. मी कट केला. परत आला.

"आई, कुठं आहेस?"

"पळतेय की."

"अर्धा तास त्याच गल्लीत?"

ठिपका सगळं सांगत होता. तो म्हणाला, "आहेस तिथंच बस. हलू नकोस." मी त्या बाईच्या उंबऱ्यावर बसले. तिनं चहा दिला, मी चहा प्यायले, आणखी एक झाला, ऊन वर आलं, तरी हा येईना. आला तो घामाघूम. गाडीवर बसवलं आणि सरळ घरी. मोठ्या रस्त्यावरून जाताना लांब शेताच्या बांधावर काळ्या साड्या दिसल्या. मैत्रिणी भाकरी हलवून बोलवत होत्या. त्यांना वाटलं असेल, घरी पाहुणे आले.

त्या दिवशी माझे बूट माळ्यावर गेले. फाटकाला कुलूप लागलं. "चोऱ्या वाढल्यात," मुलगा म्हणाला. किल्ली त्याच्या ऑफिसच्या बॅगेत, बॅग चिंचोळीला, त्याच्या कारखान्यात. सूनही नोकरीची. दुपारभर मी आणि टीव्ही. डॉक्टरकडं नेलं. त्यांनी वार विचारला, वजाबाकी घातली, घड्याळ काढायला लावलं. मी सगळं नीट केलं. डॉक्टर म्हणाले, "छान आहेत की आजी. फक्त वयाप्रमाणं थोडं लक्ष ठेवा." मुलानं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं.

कुलपाचं एक असतं बघा, ते नुसतं फाटकाला लागत नाही. मी माझीच परीक्षा घ्यायला लागले. सकाळी उठून पाढे म्हणायची. सोलापूरपासून दौंडपर्यंतची स्टेशनं ओळीनं म्हणायची. एक अडलं की दिवसभर जेवण गोड लागायचं नाही. एकदा चहाची डबी फ्रीजमध्ये सापडली. मी कुणी बघायच्या आत काढून जागेवर ठेवली आणि पलंगावर येऊन पुन्हा स्टेशनं म्हणायला बसले. मैत्रिणींचे फोन आले तर सांगायची, गुडघा धरलाय. एक दिवस भाजीवाला हाका मारत आला. मी ग्रीलशी गेले, भाव केला, आणि लक्षात आलं, माझे दोन्ही हात गजांवर आहेत. पटकन मागं घेतले. मेथी घ्यायची राहिली.

रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू उरकायचं असतं. आमची सूनही अक्कलकोटकडची, मला कानडीत अत्ती म्हणते. तिनं रविवारी बायका बोलावल्या, आणि मला न विचारता माझ्या पळणाऱ्या मैत्रिणींनाही बोलावलं. मुलगा आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर, दार उघडं. मी मनात म्हटलं, आज काही बोलायचं नाही, हसायचं आणि तिळगूळ द्यायचा.

पण ह्या बायका कुठं गप्प बसतात! बँकवालीनं एसटी आणलीच. मास्तरीणबाईच्या मागं शेरडं लागलीच. शेजारच्या बायका हसून हसून पदर तोंडाला लावत होत्या. मग बँकवाली माझ्याकडं वळली.

"आणि काकू, तुम्ही ओ? भाजी-भाकरी सोडून कुठं पळाला होता?"

"पाहुणे आले होते," मी म्हटलं.

सून ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"पाहुणे नव्हते. अत्ती हरवल्या होत्या," ती म्हणाली. मला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, "आणि हे पण हरवले होते."

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

"मी घरी बसून मोबाईलमध्ये बघत होते. आधी एक ठिपका गोल गोल फिरत होता. मग हे गेले, मग दोन ठिपके. एक बसला, तर दुसरा फिरतोय. शेजारच्या गल्लीतनं तीनदा गेला, पण ह्या गल्लीत काही शिरेना. मीच शेवटी फोन करून सांगितलं, आता डावीकडं वळा."

आधी मास्तरीणबाई फुटली, मग सगळ्याच. एवढ्यात मुलगा दारात आला. चेहरा लाल.

"मी हरवलो नव्हतो. मी शोधत होतो."

"मी पण शोधतच होते की रे," मी म्हटलं.

मला हसवायचं नव्हतं, आपसूक तोंडातून गेलं. कुणी हसलंही नाही. तो माझ्याकडं बघत राहिला आणि आत गेला. बँकवालीनं माझा हात धरला. "काकू, एवढी चांगली गोष्ट पंधरवडाभर पोटात ठेवली? पाप लागेल." मग मी सांगितली. कमळं, सुस्वागतम्, ती विडीवाली, सगळं. मास्तरीणबाई म्हणाली, खरं कमळ वडाखाली होतं, पण आमच्यातल्या दोघी तिथंही चुकल्या आणि कुणाच्या तरी गोठ्यात निघाल्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी चहाच्या गाड्यावर गेलेच नव्हते.

बायका गेल्यावर भांडी आवरताना मी सुनेला म्हटलं, "एवढे दिवस का गप्प बसलीस?"

"ह्यांना घरात बोलले तर भांडण होतं, अत्ती. चारचौघींत बोलले तर गोष्ट होते." मग ताट पुसता पुसता म्हणाली, "चहाची डबी पण मीच ठेवली होती फ्रीजमध्ये. घाईत. तुम्ही गुपचूप काढून ठेवलीत, मी बघितलं."

संध्याकाळी मुलगा माझ्या पलंगाशी येऊन बसला.

"मावशीसारखं झालं तर?" त्यानं विचारलं.

नाही होणार, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण ते मला तरी कुठं माहीत आहे? त्या निळ्या दारापुढं मी थांबले होते ते काही कमळांमुळं नाही, एवढं मला कळतं. मी म्हटलं, "झालं तर कुलूप लाव. मी काही म्हणणार नाही. पण झाल्यावर लाव बाळा. आधीपासून नको."

तो उठला, स्टूल ओढलं आणि माळ्यावरून बूट काढले. बुटाच्या तळव्याच्या खाचांत अजून गुलाबी रांगोळी होती. त्यानं ती पुसली नाही. फाटकाची दुसरी किल्ली बुटात टाकून तो आत गेला.

पुढच्या रविवारी उजाडायच्या आधी निघाले. माझ्या हातानं कुलूप काढलं, माझ्या हातानं लावलं. ठिपका चालूच होता, त्यावर मी बोलले नाही, त्यानंही बोलू नये. कोपऱ्यावर आले तर मागं मोटरसायकलचा आवाज. ओळखीचा आवाज, लेकाच्या गाडीचा आवाज आईला कळतो. मी वळून बघितलं नाही. मी हळू पळत होते, तोही हळू येत होता. नाक्यापर्यंत आला. मग आवाज जागच्या जागी घुटमळला आणि मागं फिरला.