जहाजाआधी नाकात गेलेली काडी

घाटनांदूरला माझं खता-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. पाणी म्हटलं की मला बोअर, टँकर आणि पाठीवरचा पंप एवढंच सुचतं. अशा माणसाला एका औषध कंपनीनं समुद्रात न्यायचं ठरवलं. त्या हंगामात सोयाबीनवर अळी एवढी पडली होती की माल आपोआप खपला. कंपनीला वाटलं, मी लई कर्तबगार. मीही त्यांचा गैरसमज दूर करायला गेलो नाही. जास्त माल विकलेल्या दुकानदारांना जोडीनं मुंबईहून गोव्यापर्यंत मोठ्या जहाजातून फिरवून आणायचं, असं कंपनीच्या पोरानं फोनवर सांगितलं.

मला वाटलं, बायको नको म्हणेल. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं होतं. आत कोणाला सोडत नव्हते. मी बाहेर कडुलिंबाखाली डबा घेऊन उभा राहायचो. आतून अंगभर पांढरा पोशाख घातलेला माणूस दाराशी आला की माझे पाय आपसूक मागं सरायचे, कारण तो कोणाचं तरी नाव घेणार हे ठरलेलं असायचं. ती परत आली, पण अर्धी होऊन. अजूनही जिना चढताना मध्येच थांबते आणि पदर नीट केल्याचं निमित्त करते.

ती म्हणाली, "जाऊ की. मला समुद्र बघायचाय."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. आनंद व्हायचा सोडून मला भीतीच वाटली. आता हे हिला मिळायच्या आधी मध्येच काहीतरी होणार, असं मनात येऊन बसलं ते उठेचना.

कंपनीच्या पोरानं एक अट सांगितली होती. दोघांचा करोनाचा रिपोर्ट लागेल, निगेटिव्ह. मी म्हणालो, त्यात काय एवढं. दुकानदाराला सवय असते, हंगाम लागायच्या आधीच माल भरून ठेवायची. जहाजाला अजून पंधरा-वीस दिवस होते, तेवढ्यात मी गावातल्या आरोग्य केंद्रात जाऊन नाक पुढं केलं. सिस्टरनं काडी फिरवली, पट्टीवर थेंब टाकले, आणि माझा चहा होईस्तोवर रेघ उमटली. एकच. निगेटिव्ह लिहून दिलेला तो कागद मी युरिया घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकालासुद्धा दाखवला. मग फोटो काढून मुंबईला कंपनीच्या पोराला पाठवला.

लगेच फोन आला. "काका, हे चालत नाही."

"का? निगेटिव्हच आहे की."

"ही झटपटवाली तपासणी आहे. जहाजवाल्यांना आरटीपीसीआर लागते. मान्यता असलेल्या लॅबची, कागदावर तो चौकोनी कोड पाहिजे. आणि काका, रिपोर्ट निघायच्या दोन दिवसांच्या आतला लागतो. तुम्ही आत्ताच कुठं केली?"

मी म्हणालो, "सराव केला."

निघायचे दिवस जवळ आले. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईला लॅबमध्ये जायचं ठरलं. त्याच्या आदल्या सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर शेजारचा फिटर येऊन उभा राहिला. हा माझा शाळेपासूनचा दोस्त. फवारणीचे पंप आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याचे अब्बाही तेच करायचे.

तो म्हणाला, "काय बे, निघाला का तू जहाजात? पोहता तरी येतं का?"

"जहाजात पोहायचं नसतं."

"बुडाल्यावर पोहायचं असतं." त्यानं पायरीवर बसकण मारली. "बरं, एक सांग. वास येतो ना तुला? माझ्या साडूचं तसंच झालं बघ. ताप न्हाई, खोकला न्हाई. फक्त वास गेलता. हसत हसत तपासायला गेला अन् तिथंच ठेवून घेतलं त्याला."

तो चहा सांगायला गेला आणि मी जागच्या जागी नाक ओढून बघितलं.

काही नाही.

मी आत गेलो. माझ्या दुकानाच्या मागच्या फळ्यांवर कीटकनाशकांच्या बाटल्या, खाली गंधकाची पोती, कोपऱ्यात दाणेदार औषधाचे पुडे. नवीन गिऱ्हाईक उंबऱ्यावरच तोंडाला रुमाल लावतं, असं ते दुकान. मी पोत्यापाशी वाकलो. नाही. फळीपाशी गेलो आणि गायीनं हुंगावं तसं एकेका खोक्याला नाक लावत सुटलो. नाही म्हणजे नाहीच. मी औषधाच्या रिकाम्या खोक्यावर बसलो आणि पहिला विचार आला तो हा, की काल संध्याकाळी मी तिच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली होती.

फिटर चहा घेऊन आला. चहा प्यायलो, पण त्याचा वास येतो का ते बघितलं नाही. एकदा कळल्यावर पुन्हा बघायची हिंमत माझ्यात नव्हती.

त्या दिवशी घरी जेवायला गेलो नाही. माल मोजायचाय म्हणून निरोप दिला. दुपारी ती स्वतःच डबा घेऊन आली. मी काउंटरच्या मागं होतो, तो आणखी मागं, गंधकाच्या पोत्यांकडं सरकलो.

"तिथंच ठेव," मी म्हणालो.

"कावून? खाल्लं तर काय होतंय माझ्यासमोर?"

"पावडर सांडलीय. तुझ्या छातीला बरी नाही."

तिनं दोन-चार वेळा माझ्याकडं बघितलं. डबा ठेवला आणि गेली. जाताना पायरीवर थांबून दम घेतला. मी मोजल्यासारखं करत पोत्यावर हात ठेवून उभा होतो. हिला पुन्हा तिथं आत न्यावं लागलं तर, लिंबाखाली पुन्हा उभं राहावं लागलं तर, आणि ह्या खेपेला ते मी दिलेलं असेल तर. माझ्या हातातला पोत्याचा दोरा तुटला तेव्हा कळलं, मी तो ओढत होतो.

संध्याकाळी तालुक्यातल्या एका दुकानदाराचा फोन आला. तोही त्याच जहाजाला निघालेला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तपासणी झाली का.

"कसली तपासणी बे? माणूस आहे आपला. फक्त आधार कार्डाचा फोटो पाठवायचा. निगेटिव्ह येतो, कोडासकट. नाकात काडी न्हाई, काय न्हाई. पाठवू का नंबर?"

मी नंबर घेतला. एवढंच नाही, तर माझ्या कार्डाचा फोटो पाठवलासुद्धा. माझ्यासारख्याला वाकडी वाट कोणी नुसती दाखवली तरी मी चार पावलं पुढं गेलेलो असतो. मग तिचं कार्ड काढलं. त्यावरचा फोटो आजारपणाच्या आधीचा, गाल भरलेले, कॅमेऱ्याकडं रागानं बघतेय. तो चेहरा बघत किती वेळ गेला माहीत नाही. खोट्या कागदावर हिला बंद जहाजात नेणार, शेजारी मी, वास न येणारा. पाठवलेला फोटो पुसून टाकला आणि त्या माणसाला लिहिलं, चुकून गेला.

सकाळी अंबाजोगाईला जायचं. एरवी आम्ही गाडीवर जातो, ती मागं बसते आणि खड्डा आला की माझ्या खांद्याला चिमटा काढते. मी तिला एसटीत बसवलं आणि सांगितलं, गाडीचा ब्रेक बरोबर नाही, मी हळूहळू मागून येतो. ब्रेक बरोबर नसलेली गाडी घेऊन मी एसटीच्या मागं वीसएक किलोमीटर धूर खात गेलो. मागच्या काचेतून ती मला बघत होती. मी एकदा हात हलवला. तिनं नाही हलवला.

स्टँडवर उतरली ती सरळ माझ्यापाशी. मी दोन पावलं मागं झालो. ती तेवढीच पुढं आली.

"काय भानगड हाय? न्यायचं नसंल तर तसं सांगा. कालपासून बघती मी, जवळ येऊ देईनात."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

लोक बघत होते. मी मास्कमध्येच म्हणालो, "मला वास येत नाही."

"कशाचा?"

"दुकानाचा. काल सगळं हुंगून बघितलं. कशाचाच नाही."

मला वाटलं ती घाबरेल. ती कपाळाला हात लावून तिथल्या बाकावर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून मी पुढं झालो, तर ती हसत होती.

"अहो, दुकानाचा वास तुमाला कधी आलाय? लग्न करून आले तेव्हापासून तुमचा सदरा मी परसात वाळत घालती, घरात आणू देत न्हाई. पाव्हणे नाक दाबून बसायचे. तुमी म्हणायचे, कुठं येतोय वास. सकाळी मिरचीचा ठेचा केला तेव्हा शिंकत कोण होतं?"

मी शिंकलो होतो. मास्क खाली करून मी स्टँडवरची हवा ओढून बघितली. डिझेल, पेरू आणि मुतारी, तिन्ही स्वच्छ येत होते. मुतारीचा वास येतोय म्हणून एवढं बरं वाटलेला माणूस त्या स्टँडवर दुसरा झाला नसेल. मीही तिच्या शेजारी बसून हसायला लागलो.

मग ती हसायची थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला मात्र खरंच येत न्हाई."

"कशाचा?"

"कशाचाच. दवाखान्यातून आल्यापासून. तुमचा सदरा घरात आणला तरी आता मला कळायचं न्हाई. फोडणी रंगावरून बघती. दूध नासलं की चव घेतल्यावर कळतं."

"बोलली का नाहीस?"

"सांगितलं तर म्हणले असते, चल दवाखान्यात. मी न्हाई जायची तिथं परत. शेजारच्या खाटेवर येईल त्या बाईला रात्री न्यायचे अन् सकाळी चादर बदललेली असायची." ती लॅबच्या दिशेनं बघत होती. "ते नाकात घालतील अन् म्हणतील, हिच्यात हायच अजून. मग?"

आदल्या दिवसापासून मी माझी भीती मोठी समजत होतो. ही कितीतरी महिने तिची भीती घेऊन स्वयंपाक करत होती. मी म्हणालो, नको तर नको, परत जाऊ, जहाज गेलं खड्ड्यात. ती उठली. "न्हाई. मला बघायचाय तो समुद्र." आणि माझ्या पुढं चालायला लागली.

लॅबवाल्यानं काडी माझ्या नाकात एवढी आत घातली की डोळ्यांतून पाणी आलं. तिचा नंबर आला तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. नखं रुतली. ती डोळे उघडेच ठेवून बसली होती.

रिपोर्ट मोबाईलवर आले ते आम्ही मुंबईच्या गाडीची वाट बघत असताना. माझा उघडला, निगेटिव्ह. तिचा उघडायला माझं बोट चालेना. तिनंच दाबलं. निगेटिव्ह. तिनं पाण्याची बाटली मागितली.

मुंबईला बंदरावर सगळे दुकानदार नव्या कपड्यांत रांगेत. कागदावरचा कोड तपासला, ठीक झालं. मला वाटलं, सुटलो. पुढं एक डॉक्टर मुलगी प्रत्येकाला तेच विचारत होती, ताप, खोकला, वास-चव जाणं. सगळे नाही नाही म्हणत पुढं सरकत होते. मी नाही म्हणालो. बायकोकडं वळून डोळ्यांनी खुणावलं, तूही तेच म्हण.

ती म्हणाली, "वास येत न्हाई मला."

डॉक्टर मुलीनं पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"लाटेत आजारी पडले तेव्हापासून. वर्ष होत आलं."

मी मध्ये पडलो, "मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, कोड आहे बघा..."

"बघितला. बाजूला बसा दोघं. इथं एकदा परत तपासून घेऊ."

खुर्च्यांवर बसलो. रांग आमच्या समोरून जात होती. तो ओळखीचा दुकानदारही गेला, नाकात काडी न घालता, बॅग ओढत. जाताना मला म्हणाला, "काय बे, अडकला?"

मी दात खाऊन तिला म्हणालो, "कशाला सांगितलं?"

"खोटं बोलून आत गेले अन् मध्येच काय झालं तर? उतरायचं कुठं?" ती हळूच म्हणाली. "तिथं तर लिंब पण नसंल तुमाला उभं राहायला."

पांढऱ्या पोशाखातला माणूस आला. तिनं ह्या वेळी माझं मनगट धरलं नाही, खुर्चीचा दांडा धरला. काडी गेली, पट्टीवर थेंब पडले. पट्टी टेबलावर ठेवून तो माणूस दुसरीकडं निघून गेला. पहिली रेघ उगवली. मी दुसरी, आजाराची रेघ उमटायच्या जागेकडं बघत राहिलो. एकटक बघितलं की काहीही दिसतं, मला तिथं रेघ दोनदा दिसली आणि दोनदा गेली. ती बघतच नव्हती. समोरच्या मोठ्या काचेतून पाण्याची एक पट्टी दिसत होती, भुरकट, हलणारी, तिकडं तिची नजर. मी मनात म्हटलं, इथूनच परत जावं लागलं तर एवढा तरी समुद्र बघून घे.

डॉक्टर मुलगी आली, पट्टी उचलून उजेडात धरली. "एकच आहे. जा तुम्ही. पण परत गेल्यावर नाकाच्या डॉक्टरला दाखवा, असं वर्षभर ठेवू नका."

बायको उठून बॅग घेऊन उभी राहिली. मी उठायला गेलो तर पाय जागेवर नव्हते. पुन्हा बसलो.

"चला की," ती म्हणाली.

"थांब जरा."

"आता काय मी उचलून नेऊ तुमाला?" असं म्हणत तिनं खरंच माझ्या काखेत हात घातला आणि मला उठवलं. जहाजात जायच्या चढत्या फळीवर ती मध्येच दम घ्यायला थांबली. पदर नीट केला नाही, उघड उघड थांबली. मीही थांबलो. मागून लोक येत होते ते आम्हाला वळसा घालून पुढं गेले.