चौदा वर्षं न बांधलेली कबर

शनिवारी सकाळी आम्ही दोघं दारात बसून मनुका निवडत होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असतं; येशूच्या आठवणीत सगळे भाकर खातात, पेल्यातला द्राक्षरस घेतात. पेल्यातला रस आम्ही बाजारातून आणत नाही. काळ्या मनुका निवडायच्या, भिजवायच्या, उकळायच्या आणि फडक्यातून पिळायच्या. हे काम तीस वर्षं माझ्या बायकोकडं होतं. मी नुसता देठ काढायला.

"देठ राहिला," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुमच्या ढिगात. चष्मा लावा."

"एका देठानं कुणी मरतंय का?"

"मरत नाय. रस तुरट होतो. पाळकसाहेब प्रार्थना करतात अन् म्हाताऱ्या तोंड वाकडं करतात."

मी चष्मा लावला. मग तिनं दर महिन्याला विचारायची तेच विचारलं.

"सासूबाईंची कबर कधी बांधायची?"

"ज्यानं माती लोटली त्यानं बांधावी."

"तुमचा भाऊ रिक्षा चालवतो. गवंडी तुम्ही."

मी पुढची मूठ निवडायला घेतली. ती म्हणाली, "उद्या पेला घेणार ना?"

"घेणार की."

"घ्या मग. मला काय."

तिनं मनुका पातेल्यात टाकल्या, वर पाणी ओतलं, झाकण ठेवलं. पाठ भरून आली, जरा पडते म्हणाली आणि आत गेली. बाराच्या सुमाराला मी जेवायला उठवायला गेलो तर ती गेलेली होती.

मी चौथी शिकलेला माणूस. पाळकसाहेब म्हणाले, मंडळीच्या अंकासाठी लिहा, म्हणून लिहितोय. बायको गेल्याचं दुःख आहेच. पण त्या दोन दिवसांत माझ्या छातीवरचं एक ओझं उतरलं, तेही लिहिणार. बायको मेली आणि म्हाताऱ्याला हलकं वाटलं, हे लोकांना बरं दिसत नाही. न दिसू दे.

कबरीचं आधी सांगतो.

मी गवंडी. औरंगाबादेत, म्हणजे आता संभाजीनगरात, आमच्या ख्रिस्ती कब्रस्तानात निम्म्याच्या वर कबरी माझ्या हातच्या आहेत. वीट, गिलावा, वर क्रूस. गरिबाचीसुद्धा नीट ओळंब्यात बांधली. फक्त माझ्या आईची बांधली नाही.

चौदा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मी सोयगावकडं एका विहिरीच्या कामावर होतो. तिथं फोनला रेंज नव्हती. आई सकाळी गेली. निरोप माझ्यापर्यंत पोचायला दोन वाजले. मिळेल त्या गाडीनं निघालो, संध्याकाळी सातला पोचलो. घरात कुणी नव्हतं. कब्रस्तानात गेलो तर धाकटा भाऊ फावडं धुत होता. पाच वाजता त्यानं आईला माती दिली होती.

"दोन तास थांबवलं नाय तुला?" मी ओरडलो.

"दादा, ठेवण्यासारखं नव्हतं."

"मला तोंड बघू दिलं नाय!"

"दादा, पोटात पाणी झालं होतं तिला. ऊन असलं. काय सांगू तुला..."

"काय बी सांगू नको. माझ्या दारात यायचं नाय आजपासून."

तो दोनदा आला. मी दार उघडलं नाही. नंतर आला नाही.

आता मंडळीची रीत अशी की प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची सभा होते. कुणाच्या मनात कुणाबद्दल काही असेल तर तिथं मिटवायचं, नाहीतर पेल्याला हात लावायचा नाही. आमचं भांडण सगळ्यांना माहीत झालं तेव्हा त्या वेळच्या पाळकांनी दोघांना पुढं बोलावलं. मी उठलो, हात मिळवला, "माफ केलं" म्हणालो. सगळ्यांनी गीत म्हटलं. दोघीतिघी रडल्या. बाहेर पडल्यावर फाटकाशी मी त्याला म्हणालो, "हात मिळवला म्हणून दारात यायचं नाय."

तो म्हणाला, "बरं दादा."

मंडळीच्या लेखी आमचा समेट झाला. मी दर महिन्याला पेला घेत राहिलो. दारू मी कधी घेतली नाही, तंबाखू सोडली, कामावरच्या पोरांना शिवी देत नव्हतो, रविवारी धुतलेला सदरा घालायचो. शुद्ध अंतःकरण म्हणतात ते हेच, असं मला खरंच वाटायचं. आईच्या कबरीचा कोपरा आला की तिकडं पाठ करून काम करायचो. कुणी विचारलंच तर म्हणायचो, वेळ मिळत नाही. गवंड्याला, कब्रस्तानात, आईच्या कबरीसाठी वेळ मिळत नाही! ऐकणारे मान हलवायचे. बायको हलवायची नाही. ती म्हणायची, "तुम्ही त्याला माफ केलं ते पाळकासमोर. देवासमोर अजून करायचंय."

मी चिडायचो. माफ करायचा मी लई प्रयत्न केला असं तिला सांगायचो. तेही खोटं होतं. प्रयत्न केलाच नव्हता. तो राग मी जपून ठेवला होता. आईचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, मग निदान राग तरी असू दे, असं काहीतरी मनात होतं. आज लिहिताना हे नीट दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं.

तर शनिवारी बारा वाजता बायको गेली. तेव्हाही मे महिनाच. आमची एकच मुलगी, नागपूरला नर्स आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मी निघते. मी आल्याशिवाय नेऊ नका." मी म्हणालो, "नेत नाही." रविवारी सकाळी आठपर्यंत ती पोचणार होती. दहा वाजता माती द्यायचं ठरलं.

मंडळीची प्रेत ठेवायची थंड पेटी त्या दिवशी दुसऱ्या घरी गेलेली. आमच्या घरावर पत्रे. दुपारी लाईट गेली. पंखासुद्धा बंद. तेवढ्यात रिक्षाचा आवाज आला. बघतो तर भाऊ. मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. त्यानं त्या उतरवल्या, उंबऱ्याच्या बाहेर ठेवल्या आणि परत जाऊन रिक्षात बसला. आत आला नाही. चौदा वर्षांपूर्वी मी सांगितलं होतं ना, दारात यायचं नाही. त्यानं ते पाळलं होतं.

संध्याकाळी त्यानं आणखी लाद्या आणल्या. शेजारची म्हातारी त्याला म्हणाली, "अरे आत ये की, तुझी वहिनी हाय." तो म्हणाला, "इथंच बरा हाय मी." मी आतून ऐकलं. ये म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. बायको समोर पडलेली, आणि माझं तोंड उघडलं नाही. इतका मी घट्ट होतो.

रविवारी सकाळी बर्फाचा कारखाना बंद होता. आठ वाजले, मुलगी आली नाही. नऊला फोन आला.

"बाबा, बस बंद पडली. जालना अजून यायचंय. दुसरी गाडी बघतेय. दोन-तीन तासांत येते. थांबा बरं का."

"थांबतो," मी म्हणालो.

दहा वाजले. लोक जमले. शवपेटी आली. ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं. शेजारची म्हातारी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, आता ठेवू नका. नाकातून पाणी यायला लागलंय. पोरीनं असलं बघावं का?"

पाळकसाहेब म्हणाले, "काका, तुम्ही सांगाल तसं."

सगळे माझ्याकडं बघत होते. मुलीला थांबतो म्हणून सांगितलेलं. न थांबलो तर ती जन्मभर मला विचारणार, दोन तास थांबवलं नाही तुम्हाला? ते शब्द मला चांगले ओळखीचे होते. माझ्याच तोंडातले होते. आणि थांबलो तर तिला आईचं जे तोंड बघायला मिळेल, ते तिच्या डोळ्यापुढून कधी जाणार नाही.

मी बाहेर आलो. भाऊ रिक्षाजवळ उभा होता. बोलायला त्याला जागा होती. "आता कळलं का दादा?" एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. त्यानं फक्त माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. माझ्यापुढं काय आहे ते त्या सगळ्या गर्दीत त्याला एकट्यालाच माहीत होतं.

"उचलायची का रे?" मी त्याला विचारलं. चौदा वर्षांत त्याला विचारलेली पहिली गोष्ट.

"उचल दादा," तो म्हणाला. "पोरीला मी सांगीन. माझ्यावर घाल."

"तुझ्यावर कशाला? आत ये. पुढची बाजू धर."

तो उंबरा ओलांडून आत आला. पेटीची पुढची बाजू आम्ही दोघांनी धरली.

मुलगी एकच्या पुढं कब्रस्तानात पोचली. खांद्यावर बॅग तशीच. लोक निघून गेले होते. भाऊ पाळकसाहेबांना सोडायला गेला होता. मी एकटा मातीशेजारी बसलो होतो. ती खाली बसली, मातीवर हात ठेवला आणि खूप रडली. मी वाट बघत होतो. ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, उत्तर द्यायचं नाही, असं ठरवलं होतं.

"मी थांबतो म्हणालो होतो," शेवटी मीच म्हणालो.

तिनं नाक पुसलं. "हो."

"थांबलो नाय."

"मी नर्स आहे बाबा. काल फोनवर मी थांबा म्हणाले तेव्हाच मला माहीत होतं. तरी म्हणाले." मग तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "ठरवायच्या वेळी तुम्ही एकटेच होता का हो?"

मी काय काय ऐकायची तयारी केली होती. हे ऐकायची केली नव्हती. तिच्या मनात राग शिरायला जागाच नव्हती. तिला काळजी पडली होती ती माझी, की म्हातारा एकटा पडला होता का.

"नाही," मी म्हणालो. "तुझा काका होता."

आणि हे बोलता बोलता मला दिसलं, की आई गेली त्या दिवशी त्याच्याजवळ कुणी नव्हतं. पाठीवर हात ठेवायला थोरला भाऊ हवा होता, आणि थोरला भाऊ सोयगावला होता. त्यानं एकट्यानं ठरवलं, एकट्यानं माती लोटली, आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या.

पोरीनं एका वाक्यात केलं ते मला चौदा वर्षांत जमलं नाही. मी तिथं बसून रडलो. बायकोसाठी रडलो, पण त्यात दुसरंही काही होतं. मोकळं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला. मन स्वच्छ कर म्हणून मला पुष्कळांनी सांगितलं, मीही प्रार्थनेत तेच मागायचो. ते मागताना मुठी मात्र आवळलेल्या असायच्या. त्या दुपारी त्या मी उघडल्या नाहीत. उघडल्या गेल्या. ते काम देवानं केलं, आणि त्यासाठी माझ्या बायकोची माती आणि माझ्या पोरीचं बोलणं वापरलं. असं मी मानतो.

घरी आलो तर पातेल्यातल्या मनुका उकाड्यानं आंबल्या होत्या. प्रभुभोजन पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारवर टाकलं होतं. मुलगी म्हणाली, नव्या आणू, मी निवडते. म्हटलं, देठ बघून काढ, रस तुरट होतो.

सोमवारी सकाळी लवकर उठलो. माळ्यावरून पिशवी काढली. थापी, ओळंबा, दोरी. मुलगी म्हणाली, "बाबा, आईची आत्ताच बांधणार?"

"आईची नाही. नवी माती असते, ती खाली दबते. आज बांधली तर महिन्याभरात तडा जाईल. तिला एक पावसाळा द्यावा लागतो."

"मग?"

"तुझ्या आजीची."

आजीची माती चौदा पावसाळे बसलेली होती.

चालत भावाच्या घरी गेलो. तो रिक्षा पुसत होता. मला दारात बघून फडकं हातातच राहिलं.

"आईची जागा दाखव," मी म्हणालो. "कोपरा ठाऊक हाय, जागा नक्की माहीत नाय."

त्यानं रिक्षा काढली. वाटेत सिमेंटची गोणी घेतली, विटा आणि वाळू मागोमाग पाठवायला सांगितली. कब्रस्तानात तो मला त्या कोपऱ्यात घेऊन गेला. मला वाटलं होतं, तिथं सपाट जमीन असेल, गवत असेल. तिथं मातीचा उंचवटा होता, कडेनं दगड लावलेले, तण काढलेलं.

"हे कुणी केलं?"

"पावसाळा झाला की माती खाली जाते दादा. दोन पाट्या टाकायचो दरवर्षी. बांधता मला येत नाय."

मी पिशवी खाली ठेवली. चष्मा पुसला. तो माल कालवायला बसला.

"पाणी लई घातलंस," मी म्हणालो. "विटा लावायच्यात, पिठलं नाय करायचं."

"चौदा वर्षांनी आला अन् आल्या आल्या सुरू झाला," तो म्हणाला, आणि हसला. हसताना तो आईसारखा दिसतो, हे मी विसरलो होतो.

मी दोरीचं एक टोक उशाच्या बाजूला धरलं. दुसरं त्याच्याकडं फेकलं. त्यानं ते ताणून धरलं, आणि मी पहिली वीट लावली.