कुत्रीसाठी राखलेली भाकर

श्रावणातला दुसरा रविवार, सकाळचे नऊ. लातूरच्या एका वृद्धाश्रमाच्या ओसरीवर मी, माझी बायको, व्यवस्थापक बाई, नर्स, चौदा आजी-आजोबा आणि आमची साडेचार वर्षांची कुत्री. आदल्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना तपासणीचे तीनशे रुपये देऊन तिचा दाखला घेतला होता. नांदेडच्या एका प्रशिक्षकाने तिला चार महिने शिकवलं होतं: अंगावर उडी नाही, भुंकणं नाही, मांडीवर डोकं ठेवून शांत बसायचं. आजी-आजोबांना विरंगुळा म्हणून दर रविवारी आम्ही तिला इथे आणायचो; आमची ती पाचवी खेप.

जळकोटकडच्या एक आजी आश्रमात आल्यापासून कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. कुत्रीशी मात्र शेतातलं सगळं बोलायच्या. त्या दिवशी तिच्या पाठीवरून फिरणारा त्यांचा हात थांबला आणि थरथरू लागला. कपाळावर घाम आला. नर्सने साखरपाणी पाजलं, तेव्हा त्या सावरल्या. पदरात नाश्त्याची अख्खी भाकर निघाली. इन्सुलिन घेऊन त्या उपाशी बसल्या होत्या.

"सर, तुमच्या कुत्रीला शुगर नाही, आजींना आहे," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "आता येऊ नका."

"दारात आलेल्या जीवाला उपाशी धाडायचं?" आजी म्हणाल्या. "आमच्यात न्हाई तसं."

चौकशी केली, तर चौदापैकी नऊ जण तिच्यासाठी काही ना काही राखून ठेवत होते. चूक माझी होती. दर सोमवारी मी कुत्रीचं वजन वहीत लिहितो. महिन्यात ते सव्वा किलोने वाढलं, तेव्हा मी वजनकाट्यावर संशय घेतला होता.

येणं बंद करायचं नाही, हे मी ठरवलं. बुधवारी कागदावर अटी लिहून बाईंकडे गेलो. कुत्री साडेदहाला येईल, तीही नर्सने ताटं रिकामी पाहिल्यावर. खाऊ आमच्या घरचा, एका भाकरीचे चौदा तुकडे, प्रत्येकाने एकच भरवायचा. बाईंनी कागद दोनदा वाचला. "एक महिना बघू," म्हणाल्या.

रविवारी तेरा तुकडे गेले. आजींनी हात पुढे केला नाही.

"भाकर तुमची, कुत्री तुमची. म्या निस्ता हात लावायचा?"

मी अटी पुन्हा समजावून सांगितल्या. त्यांनी तोंड फिरवलं. मग बायकोने विचारलं, "आजी, हिच्या भाकरीची ज्वारी तुमच्या पैशाची घेऊ का?"

"आता बोललीस शहाण्यावानी. तुझ्या नवऱ्याला निस्ते आकडे कळतात."

तुकडा भरवून झाल्यावर त्यांनी कमरेची पिशवी सोडली. महिन्याच्या चार भाकरींचे हिशोबाने सोळा रुपये होत होते. आकडा सांगायला मी तोंड उघडलं, बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी कुत्रीचा पट्टा हातात घेतला. आजींनी वीस रुपये तिच्या हातावर ठेवले आणि तिने ते घेतले.