मागच्या सीटवरची ताई

गल्लीतली पोरं ताईला पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत ती पोरापोरींना घबराटीचा झटका कसा पेलायचा ते शिकवायची. स्वतः शिकली ती मनाच्या डॉक्टरीणबाईंचं डोकं खाऊन खाऊन. "मन म्हणालं 'आता मेलास', की विचारायचं, पुरावा काय? मागच्या खेपेला मेलास का?" पोरं हसत, आणि हसता हसता श्वास जागेवर येई.

व्हॅनवाल्याची मुलगी तिची लाडकी. बापाचे गुडघे गेले. शाळेच्या मुलांची व्हॅन आता हिनं चालवायची होती. पण स्टिअरिंग धरलं की छाती धडधडे, बोटं बधिर होत. शेजारी बाप असे, पण तो तिच्याहून भित्रा. शेवटी ताई मागच्या सीटवर बसू लागली. "घाबरतेस कशाला? मी आहे ना!" मुलगी झकास चालवू लागली. ताई चारचौघांत मिरवू लागली, "माझ्या हाताखाली बरी झाली."

लायसन्सच्या परीक्षेला आरटीओच्या साहेबांनी ताईला खाली उतरवलं. पाठोपाठ मुलगीही उतरली, पांढरीफटक. परीक्षा गेली.

ताई तणतणत डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "ती काय शिकली? भीती आपोआप ओसरते, की तू असलीस तरच ओसरते?"

ताईला एकदम उमगलं. पुरावा माग म्हणणारीनं पोरीला पुरावा मिळूच दिला नव्हता. आपणच तिची कुबडी झालो, आणि वर तोरा!

सकाळी मुलगी किल्ली घेऊन आली. "चला, ताई."

"मी नाही येत. झटका आला तर येऊ दे. गाडी कडेला घे, ओसरेपर्यंत बस."

"म्हणजे वाऱ्यावर सोडताय? मिरवताना बरी होते मी!"

एरवी ताईनं तिला सोलून काढलं असतं. आज नुसतं जिन्याकडे बोट दाखवलं.

खिडकीतून दिसलं, व्हॅन कोपऱ्यावर कडेला थांबली. ताई जिन्यापर्यंत धावली आणि कठडा घट्ट धरून तिथंच उभी राहिली. बऱ्याच वेळानं व्हॅनचा आवाज आला आणि दूर गेला.

दुपारी मुलगी आली, गाल फुगवूनच. "आला झटका. गेलाही. शेजारी बाबा रडले, मी नाही."

"शाबास गं!"

"शाबास नको. हे आधी का नाही शिकवलंत? परीक्षा गेली ना माझी."

"चुकलं माझं," ताई म्हणाली. वर बघवेना तिला.

"पुढची तारीख घेतलीय. येऊ नका."