हिरव्या पट्टीवरचा अविश्वास

"महिनाअखेरीला राजीनामा देतो," असं नवरा उप्पिटाची बशी पुढे ओढता ओढता म्हणाला, आणि वर लिंबू मागितलं. मी लिंबू दिलं. एवढी मोठी गोष्ट माणूस इतक्या सहज बोलतो तेव्हा ती त्याने आधी बरेचदा मनात घोकलेली असते, हे मला ठाऊक आहे. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

मी म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. दुसऱ्याने चांगला म्हटलेला माल चांगला नसेल असं धरून चालायचं, हे माझं काम. घरी येताना हा स्वभाव फाटकाशी काढून ठेवता येत नाही. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, आणि गेली काही वर्षं बोगादीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतूनच काम करतो. सांगलीहून म्हैसूरला आलो तेव्हा दोन पगार असतील तर इथे निवांत राहता येईल असा आमचा हिशेब होता, आणि तो खरा ठरला. त्यातला एक पगार आता शेअर बाजाराच्या भरवशावर सोडायचा होता.

तो करायचा त्याला स्कॅल्पिंग म्हणतात. सौदा घ्यायचा, दोन-तीन मिनिटांत चिमूटभर नफा घेऊन बाहेर पडायचं, आणि हे सकाळभर करत राहायचं. चिमटीने पोतं भरायचा धंदा. त्यात फसगत होऊ नये म्हणून त्याने स्वतः एक गाळणी तयार केली होती. पडद्यावर तीन चार्ट: एक तासाचा, एक पंधरा मिनिटांचा, एक मिनिटाचा. प्रत्येकाच्या खाली एक पट्टी. भाव सरासरीच्या वर असला की हिरवी, खाली गेला की लाल. तासाचा चार्ट वाऱ्याची दिशा सांगणार, पंधरा मिनिटांचा त्याला दुजोरा देणार, आणि मिनिटाचा सांगणार की आता शिर. तिन्ही पट्ट्या हिरव्या झाल्याशिवाय खरेदी करायची नाही.

कल्पना मला पटली, खोटं कशाला बोलू. पुढे मात्र त्याने मागच्या महिन्यांचे चार्ट सरकवत दाखवले. जिथे जिथे तीन हिरव्या, तिथे तिथे भाव वर. इथे बघ, इथे बघ, इथेही बघ. मी बघत गेले आणि माझा संशय वाढत गेला. आमच्याकडे एखाद्या पुरवठादाराच्या मालात एकही खोट निघाली नाही, तर आम्ही त्याचं अभिनंदन करत नाही. आधी मोजायचं यंत्र तपासतो.

आधी मला वाटलं, कुणीतरी याला शिकवणी विकली आहे. तसं नव्हतं. मग वाटलं, तोटा लपवतोय. मी विचारलं तर त्याने सरळ खातं उघडून समोर धरलं. थोडा नफा, थोडा तोटा, शेवटी जवळजवळ जैसे थे. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यामुळेच मी जास्त अस्वस्थ झाले. चार्टवर गाळणी कधीच चुकत नाही आणि खात्यावर निम्म्या वेळा चुकते, म्हणजे मधे कुठेतरी पाणी मुरतंय.

"माझी शिस्त कमी पडते," तो म्हणाला. "मधेच ऑफिसचे कॉल येतात, लक्ष उडतं. पूर्ण वेळ बसलो की बघ."

उत्तर इतकं तयार होतं की मला रागच आला.

शेजारच्या काकूंकडे मी हे बोलून दाखवलं. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या म्हैसुरातलं, मराठी घरात बोलतात पण अर्धं कन्नडच. "अय्यो, सुम्ने, उगाच कशाला डोकं फिरवून घेतेस मा?" त्या म्हणाल्या. "दारू नाही, पत्ते नाहीत. घरात बसतो, डोळ्यांसमोर असतो, अलवा? एकदा शेजारी बसून बघ की, काय करतो ते."

आमच्या कारखान्याची सुट्टी मंगळवारी असते आणि बाजार त्या दिवशी चालू असतो. मी पावट्याच्या शेंगांची परात घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसले. इथे थंडीत अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचं, एवढं वेड, की सोलत बसलेल्या बाईला कुठेही का बसलीस असं कुणी विचारत नाही. नवऱ्यानेही विचारलं नाही. मी दाणे काढत होते आणि डोळ्यांत तेल घालून त्या तासाच्या पट्टीकडे बघत होते.

पट्टी हिरवी झाली. बाकीच्या दोन्हीही झाल्या. त्याने खरेदी केली. मी हात पुसून पडद्याचा फोटो काढला. थोड्या वेळाने भाव घसरला आणि तासाची पट्टी लाल झाली, तो तोटा घेऊन बाहेर पडला. मी पुन्हा फोटो काढला. पट्टी परत हिरवी, परत लाल. शेंगांवर माझं लक्षच राहिलं नाही, सालं दाण्यांत जाऊ लागली. तो तास संपता संपता पट्टी लाल होती आणि ती लालच राहिली.

दुपारी बाजार बंद झाल्यावर मी त्याच खुर्चीत बसून सकाळचा चार्ट मागे सरकवला. त्या तासाखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसंध लाल पट्टी होती. सकाळी ज्या हिरव्यावर त्याने खरेदी केली, ते हिरवं कुठेच नव्हतं. फोटोत होतं, चार्टवर नव्हतं.

मग उलगडा झाला. तास अजून चालू आहे तोवर त्याची पट्टी कच्ची असते, भावाबरोबर बदलत राहते. तास संपला की शेवटचा रंग सगळ्या तासाला लागतो आणि मधली चलबिचल पुसली जाते. म्हणून मागे वळून पाहिलं की गाळणी प्रत्येक वेळी बरोबर. तासाच्या सुरुवातीचा कौल ती तासाच्या शेवटी कळलेल्या गोष्टीवरून देत होती. अर्धा लॉट मशीनवर असताना अख्ख्या लॉटवर पासचा शिक्का मारायचा, तसं. आमच्याकडे असं करणाऱ्याची खैर नसते.

मला आनंद झाला. खरं सांगते, नवऱ्याची चूक सापडली याचा इतका आनंद व्हायला नको होता, पण झाला. चहा ठेवला, दोन कप घेऊन गच्चीत गेले आणि त्याच्यासमोर फोन धरला. "हा सकाळचा पडदा. आणि हा तोच तास, आत्ताचा. रंग बघ."

त्याने फोटो बघितले. मला वाटलं, चिडेल, वाद घालेल, निदान चकित तरी होईल. त्याने फोन परत दिला आणि चहाचा घोट घेतला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "दिवाळीपासून."

"माहीत आहे म्हणजे?"

"मीच लिहिलंय ते. मला कळणार नाही होय? दुरुस्त करूनही पाहिलं. फक्त संपलेल्या तासाचा रंग धरायचा. मग इशारा येतो तो वरातीमागून घोडं. हाती काही उरत नाही."

"आणि तरी मला ते जुने चार्ट दाखवत बसलास? त्या हिरव्यावर विश्वास ठेवून राजीनामा देणार होतास?"

"माझा त्या हिरव्यावर कधीच विश्वास नव्हता," तो म्हणाला. "तुझा बसावा, एवढंच हवं होतं."

संतापाने माझे कान तापले. एवढे दिवस मी पट्ट्या तपासत होते आणि हा मला मुद्दाम पट्ट्या दाखवत होता. काहीतरी लागेलसं बोलणार होते, पण त्याच्याकडे पाहिलं आणि थांबले. तो खाली रस्त्याकडे बघत होता. चहाचा कप त्याने कठड्यावर ठेवून दिला होता.

"सकाळी ऑफिसचा लॅपटॉप उघडवत नाही," तो म्हणाला. "रोज. कॉलवर कुणी माझं नाव घेतलं की घाम फुटतो. वर्ष होऊन गेलं. डोळ्यांसमोर ते चार्ट असले की तेवढा वेळ बरं वाटतं."

"मग हे सांगायचं ना मला! गाळणी कशाला?"

"नुसतं सांगितलं असतं," तो म्हणाला, "की मला आता होत नाही, तर तू काय विचारलं असतंस?"

मी उत्तर शोधू लागले. शोधावं लागलंच नाही. काय झालंय नक्की, कधीपासून, कुणाला दाखवलंस, इतरांना नाही होत ते तुलाच कसं होतं: पुरवठादाराला विचारावेत तसे सगळे प्रश्न माझ्या तोंडात तयार होते, आत्ताही.