उपासातलं दुखणं

पास्कू भिंतीवरचे खेकडे पकडत होता. भिंतीवर खेकडे नव्हते. अंग घामाने निथळत होतं, हात थरथरत होते आणि दोन वॉर्डबॉय त्याला कसेबसे धरून होते. कळव्याच्या खाडीकाठचा हा ख्रिस्ती कोळी. त्याची बायको रोझीबाय बाहेर व्हरांड्यात थांबली होती.

ठाण्याच्या आमच्या सरकारी इस्पितळाचे मोठे डॉक्टर आले. रोग्याच्या तोंडाशी नाक नेऊन म्हणाले, "वास नाही, म्हणजे दारू नाही. वेडाचा झटका आहे. वेड्यांच्या इस्पितळात पाठवा."

त्यांची चूक शिक्षणाला धरूनच होती. दारूबंदी नुकतीच आलेली. त्यासाठी आम्हाला खास ट्रेनिंग मिळालं होतं. मुंबईहून एक अधिकारी आले, हार घालून घेतला आणि प्यालेला माणूस कसा ओळखावा ते शिकवून गेले. तोंडाचा वास घ्या, डोळ्यांच्या बाहुल्या पाहा, सरळ रेषेत चालवा. म्हणजे कोर्टात काय सांगायचं, तेवढं. पिणं हा आजार असला तर उपचार काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. चहा आला होता.

मी त्यांच्या हाताखालचा डॉक्टर; मला शंका वेगळीच होती. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर काही दिवसांत मेंदू बिथरतो, नसलेलं दिसू लागतं. याला डिलिरियम म्हणतात. यात माणूस दगावतोही. पण पास्कू पीत होता, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

रोझीबायने साफ नाही म्हटलं. तिचंही बरोबर होतं. हो म्हटलं तर नवरा पोलिसांकडे, नाही म्हटलं तर वेड्यांत. मी तिच्याशेजारी बाकावर बसलो. म्हटलं, मी पोलीस नाही. दारूचं कळलं तर औषध देता येईल, नाहीतर त्याला इथून हलवतील.

"कागदावर काय लिवशील?"

"ताप."

तिने व्हरांड्यात जवळ कुणी नाही ना, ते पाहिलं. मग म्हणाली, "ईस्टरचा उपास लागला तवा सोडली, तीन दिस झाले. दरसाल मटण सोडतो. या साली म्हनला, आवडीची वस्तू सोडायची तर खरी सोडीन, देवाला फसवनार नाय."

मोठ्या डॉक्टरसाहेबांना हे पटेना. व्रत पाळणाऱ्याला दारूचा आजार कसा? मी जाडजूड पुस्तक उघडून पुढे ठेवलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि म्हणाले, "उद्यापर्यंत ठेवा. पण माझ्या वॉर्डात मासेमारी नको."

झोपेसाठी पॅराल्डिहाइड, बी व्हिटॅमिनची इंजेक्शनं, भरपूर पाणी. शिवाय उशाशी ओळखीचं माणूस हवं, म्हणून रोझीबायला आत घेतलं. पास्कू भिंतीवरून काही उचलायला लागला की ती हात पुढे करायची. "दे हिकडं, टोपलीत टाकते." तो नांगी सांभाळून खेकडा तिच्या हातात द्यायचा आणि निवांत पडायचा. रोग्याच्या भासाला हो म्हणू नये, असं पुस्तकात होतं. मी पुस्तकाची बाजू घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब राउंडला आले, वाकले आणि मान वर करून म्हणाले, "आता येतोय वास."

"आपल्याच झोपेच्या औषधाचा, सर."

ते पुढच्या खाटेकडे गेले. वेड्यांच्या इस्पितळाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पास्कू गाढ झोपला. उठल्यावर त्याने बायकोला विचारलं, तू इतकी का सुकलीस. ती रडली, मग त्याच्यावरच खेकसली. चार घास पोटात टिकू लागले तशी मी त्याला घरी सोडलं. पुन्हा सोडायची वेळ आली तर आधी मला भेट, एवढं बजावलं.

पुढच्या साली उपासाच्या बऱ्याच आधी रोझीबाय ओपीडीत आली. मागे गावचे चार बाप्ये, माना खाली घालून.

"हे पन सोडनार म्हनतात," ती म्हणाली. "म्हनून आधीच तुला दाखवायला आनले."

त्याच दिवशी मुंबईचे अधिकारी ट्रेनिंगला पुन्हा आले होते. मला दोनदा बोलावणं आलं. रोगी आहेत म्हणून कळवलं, आणि दार लावून घेतलं.